जळण्याआधीचं जळण

अणूच्या केंद्रकाचा धडा मी बावीस वर्षं शिकवला नाही. बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात तो अगदी शेवटाला येतो, आणि शेवटाला येणाऱ्या गोष्टींचं आपल्याकडे जे होतं तेच त्याचंही व्हायचं. जानेवारी सरत आला की प्रात्यक्षिक परीक्षा, मग जर्नलांवर सह्या, मग निरोप समारंभ आणि त्यातले हारतुरे. मी फळ्यावर तीन व्याख्या लिहून द्यायचो, दोन 'येणारच' असे प्रश्न सांगायचो आणि खडू ठेवता ठेवता म्हणायचो, "बाकीचं घरी वाचून घ्या. सोपं आहे." पोरं खूश, मी खूश. सोपं असतं तर शिकवलं नसतं का? खरी गोष्ट एवढीच की तो धडा मला कधी समजलाच नव्हता. बी.एस्सी.ला मी तो गाइडातून पाठ करून काढला आणि मास्तर झाल्यावर कोणाकडे जाऊन समजून घ्यायची लाज वाटली. त्या लाजेचं पुढे काय काय झालं, ते लिहायला बसलो आहे.

अल्लीपूरच्या पुढच्या एका गावात आमचं कनिष्ठ महाविद्यालय होतं. तिथे माझा दरारा होता. प्रकाशाचे नियम, विद्युतधारा, चुंबक, हे मी बरं शिकवायचो, आणि बरं शिकवणाऱ्याला जो ताठा येतो तो मला भरपूर होता. मधेच कोणी प्रश्न विचारलेला मला खपत नसे. अशाच एका फेब्रुवारीत, मी त्या तीन व्याख्या लिहून देत असताना, दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिच्या वडिलांचं बसस्टँडजवळ मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. शेतातल्या पंपांच्या जळलेल्या मोटारी ते उघडायचे आणि तांब्याची नवी तार भरून द्यायचे.

"सर," ती म्हणाली, "सारखे भार एकमेकांले ढकलतात ना? मंग केंद्रकात इतके प्रोटॉन एका जागी बसून कसे राह्यतात? फुटून काऊन नाई जात?"

मला उत्तर येत नव्हतं. मी खडू हातात धरून म्हणालो, "तुझ्या बापाने तार गुंडाळून ठेवली असेल." सगळा वर्ग हसला. मीही हसलो. ती खाली बसली आणि पुन्हा माझ्या तासाला तिने कधी हात वर केला नाही. मला वाटलं, शिस्त लागली.

तिचं आणि माझं, दोन्ही घरं बौद्ध. आमच्या आधीच्या पिढीने दीक्षा घेतली ती माणसाला प्रश्न विचारता यावेत म्हणून, असं मी दर चौदा एप्रिलला माईकवर सांगायचो. वैज्ञानिक दृष्टिकोन हा माझा ठरलेला विषय. टाळ्याही पडायच्या. ती मुलगी पुढच्या रांगेत बसून ऐकत असे.

पुढे ती वर्ध्याला शिकली, रसायनशास्त्रात पदवी घेतली, कसल्याशा परीक्षा दिल्या आणि परराज्यातल्या एका सरकारी कारखान्यात लागली. अणुभट्टीत जे जळण घालतात ते तिथे तयार होतं. गावात एकच बोलबाला झाला. विहारात सत्कार ठेवला. मी तोवर निवृत्त होऊन वर्ध्याजवळ बोरगाव मेघेला राहायला आलो होतो, पण मला खास बोलावणं आलं. मी भाषणात "माझी विद्यार्थिनी" हे शब्द किती वेळा म्हणालो ते आता आठवलं तरी कानाच्या पाळ्या गरम होतात. ती बोलायला उठली. तिने वडिलांचे आभार मानले, आईचे मानले, रसायनशास्त्राच्या मॅडमचे मानले. माझं नाव नव्हतं. शाल मांडीवर घेऊन मी हसऱ्या तोंडाने बसलो होतो आणि आतून चरफडत होतो. हेही इथे लिहायला हवं. ते सोडून दिलं तर पुढचं सगळं नुसतं अज्ञान वाटेल, आणि ते नुसतं अज्ञान नव्हतं.

वर्षभराने तिला आष्टीकडचं एक स्थळ आलं. मुलगा कृषी खात्यात, घर चांगलं, दोघांची भेट झालेली, फोनवर बोलणं चालू झालेलं. दोघांनाही पसंत होतं. आता आमच्याकडे पसंती झाली म्हणून लगेच होकार जात नाही. मुलाकडची दोन माणसं मुलीच्या ओळखीतल्या चार शिकल्यासवरल्या घरी जाऊन येतात. चहा होतो, कापूस-सोयाबीनचं बोलणं होतं आणि उठता उठता खरा प्रश्न येतो. उत्तर देणाऱ्याने वाईट असलं तरी तोंडाने वाईट बोलायचं नसतं. मुलगी चांगली असेल तर "डोळे मिटून करा" म्हणायचं. नसेल तर "तुमचं तुम्ही पाहून घ्या" म्हणायचं. याचा अर्थ काय, हे आमच्या भागात कोणाला फोडून सांगावं लागत नाही.

एका दुपारी मुलाचे वडील आणि मामा माझ्याकडे आले. वडील शांत, शेतकरी माणूस. मामा बोलका. चहा झाला, माझ्या बागेतल्या लिंबाचं कौतुक झालं. मग वडील चप्पल पायात सरकवता सरकवता म्हणाले, "सर, पोरगी चांगली हाय. घरदार चांगलं हाय. त्याच्यात आमचं काईच म्हणणं नाई. फक्त ते युरेनियमचं काम हाय म्हणतात. पुढं लेकराबाळाले काही होत त नाई ना? तुम्ही फिजिक्सचे. तुमच्याइतकं कोणाले समजते?"

आजही तो क्षण मला स्वच्छ दिसतो. मला काहीही माहीत नव्हतं. युरेनियम म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे यायचा तो छत्रीसारखा धुराचा ढग, आणि कुठल्याशा जुन्या अंकात पाहिलेले अपंग मुलांचे फोटो. बस्स, एवढंच माझं ज्ञान. "मला नक्की माहीत नाही, दोन दिवसांनी विचारून सांगतो," असं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? तिचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. पण "तुमच्याइतकं कोणाले समजते" असं कोणी म्हटल्यावर "मला समजत नाही" म्हणायला जीभ रेटेना. आणि त्या सत्काराचा सल कुठेतरी होताच. मी चेहरा गंभीर केला, चष्मा काढून पुसला आणि म्हणालो, "त्याचं कसं आहे, किरणोत्सर्ग डोळ्यांना दिसत नाही. आज काही जाणवत नाही, दहा वर्षांनी जाणवतं. मी काय सांगणार? तुमचं तुम्ही पाहून घ्या."

मामांनी वडिलांकडे पाहिलं. दोघांनी मला हात जोडले आणि निघाले.

बायको कपबशा उचलायला आली. तिने दारामागून सगळं ऐकलं होतं. "तुमाले ठाऊक हाय का ते," तिने विचारलं, "का असंच ठोकून देलं?"

"तुला काय कळतं त्यातलं?" मी खेकसलो. माझं उत्तर चुकलं की मी आवाज चढवतो, हे तिला लग्नापासून माहीत आहे. ती कपबशा घेऊन आत गेली.

पंधरा दिवसांत आष्टीवाल्यांचा नकार आला. कारण मला कोणी सांगितलं नाही, पण ते सगळ्यांना कळलं. "फिजिक्सचे सरच तसं म्हणाले" हे वाक्य माझ्याआधी सगळीकडे पोचलं. पुढचं एक स्थळ चौकशीलाही आलं नाही, फोनवरूनच परतलं. मी स्वतःची समजूत घालत होतो की आपण 'नको' तर म्हटलेलंच नाही. मी फक्त सावध केलं.

मग एके दिवशी तिचे वडील आले. स्कूटर फाटकाशी लावली, आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसले. त्यांच्या कपड्यांना वाइंडिंगच्या व्हार्निशचा वास कायमचा चिकटलेला. पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "सर, पोरीच्या नोकरीचं लोकायच्या मनात भेव बसलं हाय. मी किती सांगू? मी आठवी शिकलो. तुम्ही एक डाव चार माणसायत सांगसान त लोक ऐकतीन. आष्टीवाले त तुमाले फारच मानतात."

मी मान हलवली.

"तुमाले काय वाटते, सर?" ते म्हणाले. "धोका हाय का काही?"

एवढं सरळ कोणी विचारलं नव्हतं. मी खिडकीबाहेर पाहत म्हणालो, "बघू. वेळ पाहून बोलतो मी." ते थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग "येतो" म्हणून उठले. फाटक त्यांनी हळू लावून घेतलं. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज त्याच संध्याकाळी वाटायला लागली. तरी मी काही केलं नाही. लाज वाटणं आणि काही करणं यांत माझ्या बाबतीत नेहमीच बरंच अंतर राहिलं आहे.

मार्चमध्ये ती मुलगी सुट्टीवर आली आणि एका सकाळी थेट माझ्या घरी आली. बायको ओसरीवर सुपात तुरीची डाळ निवडत होती. ती तिच्यासमोर मांडी घालून बसली आणि न विचारता निवडू लागली. मी खुर्चीवर. माझ्या पायाशी बसलेल्या मुलीच्या नजरेला नजर देणं मला जमत नव्हतं.

"सर," ती म्हणाली, "मी भांडायले नाई आली. एकच विचारायचं हाय. तुमाले माहीत नव्हतं, का माहीत असून सांगितलं?"

याहून वाईट प्रश्न मला उभ्या आयुष्यात कोणी विचारला नाही. दोन्ही उत्तरं माझीच होती. मी म्हणालो, "मला काळजी वाटली."

"काळजी वाटली त मले फोन करायचा, सर. मी रोज त्याच्यातच उभी राह्यतो."

तेवढ्यात बायकोने सुपातला खडा उचलून अंगणात टाकला आणि खाली पाहतच म्हणाली, "त्यायले माहीत नव्हतं, बाई. इतक्या वर्साची मी पाहून राह्यली, त्यायले तो धडा येत नाई."

मला वाटलं, आता ही मुलगी हसणार. तिला हसायचा पूर्ण हक्क होता. ती हसली नाही. "मंग आता ऐका," म्हणाली, आणि सुपातली मूठभर डाळ तिने फरशीवर ओतली.

"हे केंद्रक. काकू, याच्यातले अर्धे भांडखोर हायत, प्रोटॉन. एकमेकांले ढकलतात. बाकीचे न्यूट्रॉन, ते कोणाशी भांडत नाईत. पण जवळ आले की सारेच एकमेकांचा हात धरतात, लई घट्ट. आता गंमत अशी, हात फक्त बाजूच्याचाच धरता येते. भांडण मात्र साऱ्या गल्लीले ऐकू जाते."

बायको लगेच म्हणाली, "मंग घर मोठं झालं की भांडण वाढन. हात त तितकेच."

"बरोबर, काकू!"

मी बावीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलेला माणूस खुर्चीवर बसून होतो, आणि दोघी पुढे निघून गेल्या होत्या. ती सांगत होती की म्हणूनच मोठ्या केंद्रकाला जास्त न्यूट्रॉन लागतात, नुसते हात धरायला. शिशापर्यंत कसंबसं जमतं. त्यापुढचं एकही घर कायमचं टिकत नाही, कधी ना कधी त्यातून काहीतरी बाहेर पडतंच. युरेनियम त्यातलंच.

"म्हणजे धोक्याचंच ना?" मी विचारलं.

"ते किती घाईत हाय त्याच्यावर हाय, सर. साधं युरेनियम भलतंच सुस्त. पृथ्वी झाली तेव्हापासून आतापर्यंत निम्मंच संपलं, निम्मं अजून तसंच हाय. जे इतकं हळू संपते त्याच्यातून दर सेकंदाला निघन तरी किती? आणि निघते ते कागदातूनही पार होत नाई." तिने करंगळीचं पेर दाखवलं. "एवढीशी काळी गोळी असते, दाबून, भट्टीत भाजून केलेली. जड असते. मी त्या गोळ्या भिंगाखाली पाह्यतो. चीर गेली का, कोपरा उडाला का, घासून बरोबर मापाची झाली का. हातमोजे घालून हातात घेतो. भीती असते ते धुळीची, पोटात गेली नाई पायजे. म्हणून मास्क, आणि ठरलेल्या दिवसाले लघवीची तपासणी. माझे सारे रिपोर्ट घरी ठेवले हायत. आष्टीवाल्यायनं मागितले असते त देले असते."

डाळीच्या ढिगाकडे पाहत ती म्हणाली, "त्यानं फोनवर विचारलं होतं. मी त्याले हेच सांगितलं. त्याले पटलंही होतं, सर."

बायकोचा हात सुपात थांबला. मी मान वर केली नाही. मुलगी पुन्हा मास्तरणीसारखी बोलू लागली, माझ्यापेक्षा पुष्कळ चांगली मास्तरीण.

युरेनियमच्या हजार अणूंत सातच वेगळे असतात, तीन न्यूट्रॉन कमी असलेले. खरं जळण ते सात. बाहेरून एखादा न्यूट्रॉन हळूहळू येऊन त्यातल्या एकात शिरला की ते केंद्रक डळमळायला लागतं, लांबट होतं, मधे बारीक होतं. मधले हात सुटले की भांडण जिंकतं आणि दोन तुकडे जोरात दोन दिशांना जातात. ती जोराची धाव म्हणजेच उष्णता. त्या उष्णतेने पाणी तापवायचं, वाफ करायची, पुढे साध्या वीजघरासारखंच. फुटताना दोन-तीन न्यूट्रॉन सुटे होतात, पण ते फार वेगात असतात. तसेच राहिले तर बहुतेक वाया जातात, म्हणून त्यांना जड पाण्यात धक्के खायला लावून हळू करतात. मग त्यातला एखादा पुढच्या केंद्रकाला फोडतो. एकाने एकच पुढे फोडायचं, दोन नाही, एवढं सांभाळलं की भट्टी शांत चालते.

"आणि ते तुकडे?" हे मी विचारलं. त्या सकाळी मी विचारलेला हा पहिला शहाणा प्रश्न.

"तुकड्यांचंच खरं भेव हाय, सर. लहान घराले इतके न्यूट्रॉन लागत नाईत, पण मोठ्या घरातून निघताना त्यायच्या वाट्याले भरमसाठ आले. म्हणून ते एकदम अस्थिर. त्यायले स्थिर व्हायची घाई असते, आणि त्या घाईत ते किरण टाकत सुटतात. आपल्या चुलीत लाकूड जळते आणि राख थंड होते. इथं उलटं हाय. जळणाले हात लावता येते, राखेजवळ उभं राह्यता येत नाई. ते वापरलेलं जळण पाण्याच्या खोल टाकीत वर्सानुवर्स ठेवतात. मी ते कधी पाह्यलंही नाई. मी जळण्याआधीचं जळण पाह्यतो."

तासाभरात तिने धडा संपवला. डाळ गोळा करून सुपात टाकली, बायकोने भरलेली ताकाची वाटी प्यायली आणि उठली. माझ्याकडून तिने काहीही मागितलं नाही. निघताना माझ्या पाया पडायला वाकली, मी पाय मागे घेतले.

तो आठवडा मी पुस्तक घेऊन बसलो. आता सगळं समजत होतं. आलेखातली स्थिर केंद्रकांची रेघ वर जाताना न्यूट्रॉनांकडे का झुकते, तेही समजलं. आणि समजलं की मला खरोखरच एक तास लागला असता, नोकरीच्या पहिल्या वर्षी कोणाला तरी "मला येत नाही" म्हटलं असतं तर. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता. बायकोने एकदाच विचारलं, "मंग आता?" मी म्हणालो, आष्टीला जातो.

वर्ध्याहून आर्वी आणि तिथून आष्टी. बाजाराचा दिवस होता, बसमधल्या टोपल्यांतून पाय काढत उतरलो. मुलाचे वडील घरीच होते. त्यांनी मला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. मी वाटेत वाक्यं जुळवली होती, ती सगळी सोडून दिली आणि म्हणालो, "तुम्ही मला विचारलं तेव्हा मला काही माहीत नव्हतं. माहीत नसताना मी बोललो. त्या मुलीच्या कामात लेकराबाळांना धोका नाही." मग मी गोळीचं सांगितलं, धुळीचं, तपासण्यांचं, राखेचंही सांगितलं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "पोरीकडच्यायनं धाडलं वाटते तुमाले?"

"नाही हो. मी स्वतःहून आलो."

"तसं नाई, सर. तुमचा मान हायच. पण तवा तुम्ही मनातलं बोलले होते. आता पढवलेलं बोलून राह्यले."

मी पुष्कळ सांगून पाहिलं. एक ओळही माहीत नसताना मी जे बोललो ते त्यांना मिनिटभरात पटलं होतं. आता अख्खा धडा येत असताना एक शब्द पटत नव्हता. मी मास्तरकीतली वर्षं सांगितली, ती तर त्यांनी आधीच्याच बोलण्याच्या बाजूने मोजली. तेवढ्यात मुलगा आतून दारात आला. त्याचा साखरपुडा दुसरीकडे झाला होता, हे मला बोटातल्या अंगठीवरून कळलं. तो म्हणाला, "सर, म्हणजे ती बरोबर सांगत होती?"

"हो."

"मी तिला म्हणालो होतो, तू खोटं नाही बोलत, पण सरांना जास्त माहीत असेल." एवढं बोलून तो आत गेला. वडील मला चहाचा आग्रह करत राहिले. तो चहा मी कसा संपवला ते माझं मला ठाऊक.

परतल्यावर एकच काम उरलं होतं. मी गावी गेलो, बसस्टँडजवळच्या त्या दुकानात. तिचे वडील एका उघड्या मोटारीच्या खाचांत तार भरत होते. समोर दोन शेतकरी आपल्या मोटारीची वाट पाहत बाकावर बसले होते. मनात आलं, हे दोघे गेले की बोलू. मग मनात आलं, नाही, हे आहेत तोवरच बोलायचं. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "तुमच्या पोरीचं आष्टीचं लग्न माझ्यामुळे मोडलं. 'पाहून घ्या' असं मी सांगितलं होतं. मला काहीही माहीत नव्हतं."

शेतकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. वडिलांनी तार सोडली नाही. हातातला फेरा पूर्ण केला, बोटाने दाबून बसवला. "मले माहीत हाय, सर," ते म्हणाले.

"तिने सांगितलं?"

"आष्टीवाल्यायनंच सांगितलं. नाई म्हणायले आले त्याच दिवशी."

मी मनात दिवस जुळवले. नकार आधी, मग ते स्कूटरवर माझ्याकडे आले ते. "म्हणजे तुम्ही माझ्याकडे आलात, त्याच्या आधी?"

"हो."

"मग तेव्हा बोलला का नाहीत मला?"

"बोलायले नोतो आलो. मी त तुमाले विचारायले आलतो. म्हटलं, विचारलं त सर आपल्याच तोंडानं सांगतीन." त्यांनी दुसरा फेरा घेतला. "पोरगीच म्हणे मले, बाबा, सरले चार माणसायत लाजवू नका. त्यायले जागा द्या. मी देली, सर."

मी तिथे उभा होतो आणि मला माझंच "बघू" ऐकू येत होतं. माफी मागितली, ती इतकी हळू निघाली की त्यांना ऐकू आली की नाही कोण जाणे. बाकावरच्या एका शेतकऱ्याने सरकून मला जागा करून दिली. मी बसलो नाही. तिचे वडील मान खाली घालून तार भरत राहिले, आणि मी पुढच्या बसने बोरगावला परत आलो.